न कोसळलेल्या उताराची साक्ष

माणसाचा निर्णय बरोबर होता की चूक, हे कशावरून ठरवावे? निर्णय घेतला त्या घटकेला त्याच्यापाशी जे ज्ञान होते त्यावरून, की त्या निर्णयातून पुढे जे घडले त्यावरून? प्रश्न जुना आहे आणि वरवर पाहता सोपाही आहे. पण रोजच्या व्यवहारात आपण त्याचे उत्तर फार घाईने देऊन टाकतो. धंद्यात बरकत आली की मालकाला अक्कल होती असे म्हणतो. बुडाला की त्याला आधीच सांगितले होते असे म्हणतो. घाटात बेफाम गाडी हाकणारा घरी सुखरूप पोचला तर त्याच्या हाताला सफाई आहे असे म्हणतो. निकाल हाच पुरावा, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत किती ठिसूळ आहे हे एका जागी फार स्पष्ट दिसते. ती जागा म्हणजे बर्फाने झाकलेला डोंगराचा उतार.

आपल्यापैकी बहुतेकांचा बर्फाशी संबंध मासळीबाजारातल्या लादीपुरता आणि सरबताच्या पेल्यापुरता. म्हणून या प्रश्नासाठी थोडे दूर, काश्मीरला जावे लागेल. अलीकडे पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची कितीतरी तरुण मुले हिवाळ्यात हिमालयाच्या वाटेला लागतात. त्यांच्या घरच्यांनाही या गोष्टीशी कर्तव्य आहे.

पीर पंजालच्या रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर गुलमर्ग आहे. १९९८ मध्ये तिथे गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्यांचा, पहिला टप्पा सुरू झाला. २००५ मध्ये दुसरा टप्पा झाला आणि प्रवासी अफरवाटच्या खांद्यापर्यंत, चार हजार मीटरच्या जवळ, काही मिनिटांत जाऊन पोचू लागला. पूर्वी जिथे जायला दिवसभराची पायपीट आणि छातीचा दम लागे, तिथे आता तिकीट पुरते. वर उतरल्यावर पाळण्याच्या तारेखालचा काही भाग गस्ती पथकाच्या देखरेखीखाली असतो. बर्फ धोक्याचा वाटला तर तो भाग बंद ठेवतात. पण डावी-उजवीकडे पसरलेल्या घळी आणि मोकळे उतार हे कुणाच्याच राखणीतले नाहीत. स्कीइंग करणाऱ्यांना ओढ असते ती याच अस्पर्श उतारांची. तिथे कोणी आपल्या आधी गेलेले नसते आणि काल रात्रीचा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा पडलेला असतो.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटच्या अशाच एका उतारावर हिमस्खलन झाले. पोलंडचे दोन स्कीइंगपटू मरण पावले. त्यांच्यासोबतच्या १९ परदेशी पाहुण्यांना आणि दोन स्थानिक वाटाड्यांना वाचवण्यात आले. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, गुलमर्गमध्येच एका रशियन स्कीइंगपटूचा बर्फाखाली अंत झाला. या बातम्या वाचून दूरवरचा वाचक म्हणतो, काय गरज होती तिथे जायची? पण त्याच हिवाळ्यात तसल्याच उतारांवरून कितीतरी माणसे खाली उतरली, हसत चहा प्यायली आणि फोटो घरी पाठवून मोकळी झाली. त्यांना कोणी काही विचारले नाही. मग या दोघांत फरक कोणता? मेलेला मूर्ख आणि वाचलेला शूर, एवढाच?

याचे उत्तर शोधण्याआधी बर्फ कसा साचतो हे समजून घ्यायला हवे. इथला नैतिक प्रश्न बर्फाच्या घडणीतच दडलेला आहे.

वरून पाहणाऱ्याला उतारावरचा बर्फ एकसंध, पांढरा आणि शांत दिसतो. प्रत्यक्षात तो जुन्या वहीसारखा पानापानांचा असतो. प्रत्येक हिमवर्षावाचे एक पान. मधल्या कोरड्या दिवसांचे, उन्हाचे, वाऱ्याचेही एकेक पान. काश्मिरी माणूस हिवाळ्याची मोजदाद चिल्ल्यांनी करतो. २१ डिसेंबरपासून ३० जानेवारीपर्यंत चाळीस दिवसांचा चिल्लाई कलान, मग वीस दिवसांचा चिल्लाई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लाई बच्चा. समजा, हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडा बर्फ पडला आणि नंतर आकाश बरेच दिवस निरभ्र राहिले. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, पण पृष्ठभाग रात्रीच्या थंडीत कितीतरी खाली जातो. थर पातळ असेल तर एवढ्याशा जाडीत तापमानाचा मोठा फरक पडतो. खालची वाफ वर सरकू लागते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरून राहण्याऐवजी सुटे, टोकदार, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे होतात. मुठीत घेतले तर गोळा होत नाही, बोटांतून गळून जातात. दुसरा प्रकार असा की, थंड स्वच्छ रात्री पृष्ठभागावरच पिसांसारखे नाजूक हिमस्फटिक उगवतात. दिसायला ते अतिशय सुंदर असतात. नंतरच्या वर्षावात ते गाडले गेले की तोच एक कच्चा थर होऊन बसतो.

मग मोठा वर्षाव येतो. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो, दाबतो, घट्ट करतो. आता स्थिती अशी झाली की, साखरेच्या थरावर फरशीची जड लादी ठेवली आहे आणि हे सगळे तिरके आहे. बहुतेक धोक्याचे उतार ३० ते ४५ अंशांचे असतात. आपल्या घरातला जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो, त्यावरून कल्पना करावी. याहून फार उभ्या कड्यावर बर्फ साचत नाही, सतत गळून जातो. फार सपाट जागी तो घसरत नाही. स्कीइंगला जो उतार सर्वांत मजेचा, नेमका तोच हिमस्खलनाला सर्वांत सोयीचा.

अशा उतारावर माणूस गेला की त्याचे वजन लादीतून खालच्या कच्च्या थरावर पडते. तो थर एका ठिकाणी बसला की भेग आतल्या आत धावत जाते. पाहता पाहता साऱ्या उताराची लादी सुटते आणि माणूस तिच्यावरच उभा असतो. डोंगर कोसळून माणसावर येतो असे आपल्याला वाटते. परंतु हौसेने गेलेल्यांच्या प्राणघातक अपघातांत दहापैकी सुमारे नऊ वेळा हिमस्खलन सुरू करणारा स्वतः बळी किंवा त्याच्याच गटातला कोणी असतो, असे अनेक देशांतला अनुभव सांगतो. बर्फाखाली पुरला गेलेला माणूस किती वेळ तग धरतो याचाही अभ्यास झाला आहे. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवर आधारलेल्या १९९४ च्या अभ्यासात, पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास वाचले होते. ३५ मिनिटांवर हेच प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आले. पुढच्या अभ्यासांनी ती पहिली मुदत आणखी आखडून १० मिनिटांवर आणली. एवढ्या वेळात बाहेरून मदत येणे अशक्य. वाचवू शकतात ते फक्त सोबतचे लोक, आणि तेही त्यांच्या अंगावर संकेत पकडणारे यंत्र, पाठीवर शोधकाठी आणि फावडे असेल तर.

आता मुद्द्याकडे येऊ. हा कच्चा थर सगळीकडे सारखा नसतो. एके जागी लादी जाड, तिथे माणसाचे वजन खालपर्यंत पोचतच नाही. दहा पावलांवर, खडकाशेजारी, ती पातळ असते आणि तिथला एक पाय साऱ्या उताराला हलवू शकतो. म्हणून असे होते की, चार जण एकाच उतारावरून गेले, काही झाले नाही, आणि पाचव्याच्या पायाखाली उतार सुटला. पहिल्या चौघांनी काय शिकावे? त्यांना तर उतार पक्का असल्याची खात्री पटली होती. पाचवा त्यांच्याच खुणा पाहून निघाला होता.

बाकीच्या बहुतेक कामांत अनुभव हा चांगला गुरू असतो. सालन खारट झाले की जिभेला लगेच कळते. शिंप्याचे माप चुकले की अंगरखा काखेत धरतो. चूक आणि तिची शिक्षा यांत अंतर कमी असते, म्हणून हात सुधारतो. बर्फाचा उतार तसा शिकवत नाही. तो बहुतेक दिवशी बहुतेक चुका माफ करतो आणि माफ केल्याचे सांगतही नाही. ज्याने वीस वर्षांत शंभर वेळा धोक्याची वाट तुडवली आणि एकदाही काही झाले नाही, त्याच्यापाशी शंभर वेळांचा अनुभव आहे, असे आपण म्हणतो. वास्तविक त्यातले किती वेळा त्याला समज होती आणि किती वेळा नुसते नसीब होते, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. न कोसळलेला उतार साक्षीला उभा राहतो, पण तो कशाची साक्ष देतो हे कोणालाच ठाऊक नसते.

अमेरिकेत इयान मॅकॅमन या संशोधकाने १९७२ ते २००३ या काळातले ७१५ अपघात तपासले. यांतल्या कित्येक जागी धोक्याच्या खुणा उघड होत्या आणि बळी पडलेल्यांत हिमस्खलनाचे शिक्षण घेतलेलेही होते. मग ते गेले का? मॅकॅमनच्या म्हणण्याप्रमाणे माणूस अशा वेळी बर्फाचा विचार सोडून ओळखीच्या आडवाटांनी निर्णय घेतो. ही जागा माझ्या सरावाची आहे. इतक्या लांब आलो, आता मागे कशाला फिरायचे? आपला म्होरक्या जाणता आहे. तो दुसरा गट गेलाच आहे की. आज नाही गेलो तर हा कोरा उतार दुसरे कोणी घेईल. सरावाच्या उतारावर शिकलेल्या गटांची सावधगिरीही ढिली पडलेली त्याला दिसली. वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. तिच्यात बर्फाचा उल्लेखसुद्धा नाही. लग्नातला खर्च, कर्जाचे हप्ते, पोराला कुठल्या शाळेत घालायचे, हे सारे आपण याच पाच कारणांनी ठरवत असतो.

युरोपात १९९३ पासून हिमस्खलनाच्या धोक्याची पाच पायऱ्यांची सामाईक मोजपट्टी वापरतात. सर्वांत जास्त माणसे चौथ्या-पाचव्या पायरीवर दगावत असतील, असा आपला अंदाज. प्रत्यक्षात अधिक बळी तिसऱ्या पायरीवर जातात. चौथ्या-पाचव्याला माणूस घरी बसतो. तिसरी मधली असते आणि मधले ते मध्यम, मध्यम ते चालण्यासारखे, असा हिशेब मन करून टाकते. मोठे भय माणसाला वाचवते. धोका बेताचा असला की तो त्याच्याशी घासाघीस करू लागतो.

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी ‘नैतिक नसीब’ या विषयाची एकत्र चर्चा केली. त्यांचा पेच थोडक्यात असा: माणसाला दोष द्यावा तो त्याच्या हातात असलेल्या गोष्टींबद्दल, हे सर्वांना कबूल असते. प्रत्यक्षात आपण दोष देतो तो बराचसा त्याच्या हातात नसलेल्या गोष्टींवरून. दोन माणसांनी सारखीच बेफिकिरी केली. एकाच्या वाटेत कोणी आडवे आले नाही, दुसऱ्याच्या आले. पहिला घरी जाऊन जेवतो, दुसरा जन्मभराचा गुन्हेगार होतो. फरक पडला तो केवळ योगायोगाने.

कोणी म्हणेल, यात नवल काय? जगाला परिणामांशी काम असते. ज्याचे लेकरू गेले त्याला निर्णयाची मीमांसा सांगून काय उपयोग? हे म्हणणे आम्ही हलके मानत नाही. कायद्यालाही परिणाम पाहावा लागतो, आणि ज्याच्या हातून कोणी दगावले त्याच्यावरचा भार न घडलेल्या अपघाताच्या धन्यापेक्षा जड असणारच. पण दोन हिशेब वेगळे ठेवले पाहिजेत. काय घडले, हा एक हिशेब. काय ठरवले आणि कशाच्या आधारे ठरवले, हा दुसरा. पहिला हिशेब जग मांडते. दुसरा ज्याचा त्याने मांडायचा असतो. अडचण अशी की जग ज्याला माफ करते, तो दुसरा हिशेब उघडतच नाही. सुखरूप परतलेल्या माणसाला आपली झडती घ्यायचे कारणच उरत नाही.

आता कोणी असेही म्हणेल की ज्याचा जीव, त्याची मर्जी. ज्याला बर्फात मरायचे असेल त्याने मरावे. पण पहाडावर माणूस एकटा नसतो. वर चालणाऱ्याच्या पायाने सुटलेला उतार खाली चालणाऱ्यावर जातो, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. कोणी पुरला गेला की त्याला शोधायला जे जातात, ते त्याच बर्फाखाली उभे राहून खणतात. वाटाड्या रोजंदारीवर असतो. त्याने ‘आज नको’ म्हटले तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि पाहुणा दुसऱ्याला घेऊन जातो. त्याचा होकार खरेच होकार असतो का, हा प्रश्न पैसे देणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा.

हौसेने गेलेला निदान निवड करतो. पहाडात अशीही माणसे आहेत ज्यांच्या वाट्याला निवड येतच नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये दक्षिण काश्मीरमधल्या वाल्टेंगू नार या वस्तीवर हिमस्खलन आले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. ती कुठे फिरायला गेली नव्हती, आपल्या घरात होती. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या युद्धप्रशिक्षणशाळेतले १७ जवान गेले. ७ एप्रिल २०१२ रोजी सियाचीनच्या पलीकडच्या अंगाला, गयारी येथे, पाकिस्तानी लष्कराच्या तळावर बर्फाचा डोंगर आला आणि १४० माणसे त्याखाली गाडली गेली. त्यांत ११ जण साधे नागरिक होते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी अलीकडच्या अंगाला, सुमारे १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर, आपले दहा जवान बर्फाखाली गेले. त्यांत एक आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, साऱ्या देशाने त्यांच्यासाठी हात जोडले आणि दुवा मागितली, आणि ११ फेब्रुवारीला तेही गेले. या माणसांना हुकूम होता, घर होते, पोट होते. त्यांच्या बाबतीत ‘काय गरज होती तिथे जायची’ हा प्रश्न त्यांना विचारण्याजोगा नाही. तो ज्यांनी त्यांना तिथे ठेवले किंवा तिथे राहणे भाग पाडले त्यांना विचारण्याजोगा आहे.

ताजे उदाहरण घ्यायचे तर उत्तराखंडातल्या माणा गावाजवळचे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सीमारस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झाले. पत्र्याच्या कंटेनरांत राहणारे ५४ जण सापडले, ४६ वाचले, आठ गेले. हिमस्खलनांचा अभ्यास करणाऱ्या संरक्षण खात्याच्या चंडीगडच्या संस्थेने आदल्याच दिवशी चमोलीसह उंचावरच्या जिल्ह्यांसाठी इशारा दिला होता. म्हणजे ज्ञान होते. आपल्या देशात या विषयाचा शास्त्रीय अभ्यास १९६९ मध्ये मनालीला सुरू झाला, तेव्हापासून बर्फ मोजणारी, खड्डे खणून थर तपासणारी माणसे पहाडात काम करीत आहेत. तरी कागदावरचा इशारा आणि मजुराची रात्रीची पथारी यांत बरेच अंतर असते. ते अंतर मजुराला तोडता येत नाही, कारण पथारी कुठे टाकायची हे तो ठरवत नाही. ज्याच्या हाती ती जागा ठरवण्याचा अधिकार आहे, त्याच्या हाती दुसऱ्याचा जीव अमानत म्हणून असतो. अमानतीबाबत ‘आजवर काही झाले नाही’ हे उत्तर चालत नाही. दागिना उघड्या खिडकीत ठेवला आणि चोर आला नाही, म्हणून तो नीट सांभाळला असे होत नाही.

अपघात झाल्यावर दोन्हीकडून एक शब्द हमखास ऐकू येतो: नसीब. आमच्या मते हा शब्द खोटा नाही, पण आपण तो फार लवकर उच्चारतो. तकदीर आणि तदबीर यांचा वाद आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवण लहानपणी ऐकली नाही असे मूल आपल्यात विरळा. तिच्यातला क्रम महत्त्वाचा आहे. उतार किती अंशांचा, रात्री वारा कुठून होता, खालचा थर कसा आहे, सोबत्याच्या पाठीवर फावडे आहे की नाही, हे सगळे पाहून झाल्यावर जे उरते, त्याचे नाव नसीब. ते उरतेच. बर्फाबद्दल सगळे कळले असे म्हणणारा शहाणा अजून जन्मायचा आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर गिर्यारोहणाचे शिक्षण घेणारे २७ जण हिमस्खलनात मृत्युमुखी पडले, त्यांत शिकवणारेही होते. पण जे पाहता आले असते ते न पाहता नसिबाचे नाव घेणे, म्हणजे आपल्या आळसाचे ओझे वरच्याच्या माथी टाकणे.

मग चांगला निर्णय घेणाऱ्याची कसोटी कुठली? आम्हांला वाटते, ती परत फिरणाऱ्याजवळ सापडते. सकाळी उठून, सामान बांधून, तीन तास चढून एक गट उताराच्या माथ्यावर पोचतो. पायाखाली बर्फ ‘धप्प’ असा आवाज करून किंचित बसतो, शेजारी बारीक भेग पळते. हे दोन्ही इशारे ओळखीचे आहेत. गट परत फिरतो. त्या दिवशी तो उतार कोसळत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणखी कोणी तरी त्यावरून जातो आणि काही होत नाही. परत फिरलेल्यांना ते बरोबर होते हे कोणी सांगत नाही, आणि कधी सांगणारही नाही. उलट त्यांची थट्टा होते. पुढे गेलेल्याच्या गळ्यात निदान फोटो असतो. परत फिरलेल्यापाशी दाखवायला काहीच नसते.

जगातली कितीतरी चांगली कामे या जातीची आहेत, हे ध्यानात आले म्हणजे मन थोडे गंभीर होते. ज्या वैद्याने साथ पसरू दिली नाही, ज्या वडीलधाऱ्याने दंगलीची ठिणगी गल्लीच्या तोंडाशीच विझवली, ज्या अभियंत्याने पूल वेळेवर बंद केला, त्यांच्या कामाचा पुरावा म्हणजे न घडलेली घटना. न घडलेल्या घटनेचा सत्कार होत नाही. असे काम करणाऱ्याला शाबासकीवाचून जगता आले पाहिजे. आणि समाजाला, घराला, मित्रांच्या टोळक्याला, अशा माणसाचा मान राखता आला पाहिजे, तोही पुरावा न मागता.

पहाडात जाणाऱ्या जाणत्या लोकांनी यासाठी काही रीती घालून घेतल्या आहेत. त्या आम्हांला फार मोलाच्या वाटतात. पहिली रीत अशी की, कोणत्या उतारावर आज पाऊल टाकायचे नाही हे आदल्या रात्री, घरात बसून ठरवायचे. सकाळी निळ्या आकाशाखाली ताजा बर्फ पाहिल्यावर मन वकील होते आणि हवा तो निकाल मिळवते. कोकणातली मच्छीमार कुटुंबे ही गोष्ट जाणतात. पावसाळ्यातली बंदी रोज सकाळी लाटा पाहून ठरत नाही, ती आधीच ठरलेली असते. दुसरी रीत, संशयाच्या उतारावरून एका वेळी एकानेच जायचे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. मोह सगळ्यांचा असला तरी सगळ्यांचा जीव एका डावावर लावायचा नाही.

तिसरी रीत सर्वांत अवघड. गटातल्या कोणाही एकाने ‘नको’ म्हटले की सर्वांनी थांबायचे. तो वयाने सगळ्यांत लहान असो, पहिल्यांदाच आलेला असो, मुलगी असो, त्याला कारण देता येवो न येवो. ही रीत वाचायला साधी वाटते, पण आपल्या घरांत ती चालवून पाहावी. थोरांपुढे बोलू नये, पाहुण्याचा हिरमोड करू नये, चारचौघांत भित्रे दिसू नये, या शिकवणुकी आपण चांगल्या हेतूने देतो. धोक्याच्या उतारावर याच शिकवणुकी धाकट्याचे तोंड बंद करतात. ज्याला भीती वाटत होती पण बोलता आले नाही, असा एक तरी माणूस पुष्कळ अपघातांत असतो. आदब म्हणजे गप्प बसणे, असा अर्थ आपण लावला असेल तर तो तपासून घ्यायला हवा. धाकट्याचे ‘नको’ ऐकून थांबणारा थोरला लहान होत नाही.

चौथी रीत परतल्यानंतरची आहे. सगळे सुखरूप खाली आले, चहा झाला, अंगात ऊब आली, म्हणजे एकमेकांना विचारायचे: आज आपण बरोबर होतो, की नुसते वाचलो? या प्रश्नाला वेळ लागतो आणि त्याची चव कडू असते, कारण आनंदाच्या घटकेला तो विचारायचा असतो. अपघातानंतर चौकशी करायला सारे जग येते. अपघात न झालेल्या दिवशी चौकशी करणारा फक्त आपला आपण.

आम्ही काही बर्फाच्या मुलखात राहत नाही. तरी आपल्या प्रत्येकाच्या पायाखाली अनेक वर्षांचे थर आहेत. घरात न बोललेल्या गोष्टी आहेत, धंद्यात झाकलेले व्यवहार आहेत, शेजाऱ्याशी वरवर गोठवलेली भांडणे आहेत. वरून सगळे पांढरे आणि शांत दिसते. इतकी वर्षे टिकले म्हणजे पक्के आहे, असे आपण समजतो. ते पक्के आहे की अजून कोणाचे पाऊल नेमक्या जागी पडले नाही, हे खणून पाहिल्याशिवाय कळायचे नाही. पहाडातली माणसे फावडे घेऊन बर्फात खड्डा करतात आणि थर बोटांनी चाचपून पाहतात. या कामाला अर्धा-पाऊण तास लागतो, हात गारठतात, आणि पुष्कळदा खड्डा खणून झाल्यावर परत फिरावे लागते. तरी ते खणतात, कारण त्यांच्यामागून कोणी तरी त्यांच्याच खुणा पाहत येत असते.